ट्यूब, फिन्स आणि भोपाळचे पाणी

गोंदियाहून छत्तीसगड एक्स्प्रेस धरली की नागपूर, बैतूल, इटारसी करीत ती आपल्याला थेट भोपाळला नेऊन सोडते. भाऊबिजेला, लग्नकार्याला, बारशाला या गाडीने जाणारी मंडळी आपल्या भंडारा-गोंदियाकडे काही कमी नाहीत. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, पुढे तिचे 'भेल' झाले, आणि त्या कारखान्याच्या आधाराने अनेक मराठी घरे तिकडचीच होऊन गेली. आमचे भाऊजी त्यातलेच. नोकरीत होते तोवर कारखान्याचे क्वार्टर आणि निवृत्तीनंतर अयोध्या नगरात स्वतःचे छोटेसे घर.

अयोध्या नगर भोपाळच्या पूर्वेला. एका बाजूला पिपलानी आणि भेलची वसाहत, दुसरीकडे ट्रकांची अखंड रांग वाहणारा अयोध्या बायपास. नावात अयोध्या असली तरी इथे शरयू नाही. शहराचे खरे पाणी पार पश्चिमेच्या टोकाला आहे. पण बायपासमुळे एक गोष्ट इथे मुबलक मिळते, ती म्हणजे ट्रकच्या ट्यूबा! पंक्चरवाल्यांच्या टपऱ्यांवर हारासारख्या टांगलेल्या असतात. यंदाच्या भाऊबिजेला माझा बराच वेळ या टपऱ्यांपाशी गेला. कारण आमचा भाचा.

भाच्याने एक नवे खूळ घेतले आहे. फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसायचे, कमरेपासून खाली पाय पाण्यात सोडायचे, पायांत बदकाच्या पंजासारखे रबरी फिन्स घालून पाणी ढकलत फिरायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवून फ्लाय फिशिंग करायचे. फ्लाय फिशिंग म्हणजे पिसे, दोरे आणि केस बांधून केलेल्या खोट्या किड्याने मासा धरण्याची कला. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे असते, ते गळाला दूर नेते. इथे किड्याला वजनच नसते. जाड दोरीलाच वजन असते आणि चाबकासारखी ती हवेत मागेपुढे खेळवून किडा पाण्यावर अलगद उतरवायचा. अमेरिकेत हे ट्यूबचे प्रकरण फार जुने आहे, आणि तिथेही सुरुवात ट्रकच्या ट्यूबला कॅनव्हासचे आवरण चढवूनच झाली. आता तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, दोन-दोन कप्प्यांच्या तयार ट्यूबा मिळतात. भाच्याने तशी मागवायचे ठरवले होते. तिची किंमत ऐकून भाऊजी वर्तमानपत्रामागे गेले ते चहा येईपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

मला मात्र हे खूळ परके वाटले नाही. आपल्या नद्यांवर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून लोक पार होत असत. 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण भाषणात ठोकून देतो, पण त्याच्या मुळाशी हे तरंगणारे भोपळे आहेत. सिंधू नदीवर पल्ला मासा धरणारे कोळी तर मोठ्या मातीच्या घड्यावर पोट टेकून तरंगत. घड्याच्या तोंडातूनच धरलेला मासा आत टाकायचा, म्हणजे होडीही तीच आणि टोपलीही तीच. आणि आपल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, डोंगा घेण्याची ऐपत नसलेला ढिवर ट्यूबवर बसूनच जाळे टाकतो. इटियाडोहच्या किंवा नवेगावबांधच्या वाटेने जाताना लांब पाण्यात एक काळा ठिपका आणि त्यावर बसलेला माणूस कुणी पाहिला नाही?

तर फिन्स. भाच्याने आधीच एक जोड घेऊन ठेवला होता, हातभर लांब पात्यांचा, पाणबुडे वापरतात तसला. दिसायला जोरदार. पण पाणबुड्या पाण्यात पालथा असतो, मांडीपासून सबंध पाय हलवतो, आणि लांब पाते त्यासाठीच असते. ट्यूबमध्ये माणूस खुर्चीत बसावा तसा बसतो. मांड्या पट्ट्यावर टेकलेल्या असतात, हलतो तो गुडघ्याखालचा पाय. तेवढ्याशा हालचालीत लांब पाते नीट फिरतच नाही आणि अर्ध्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात. या कामाला पाते आखूड आणि रुंद हवे. फार मऊ असले तर पाणी नुसते निसटते आणि फार कडक असले तर भार गुडघ्यावर येतो. माझ्यासारख्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांसाठी मधोमध चिरलेल्या पात्यांचे फिन्स असतात. त्यांची लाथ हलकी लागते, पण वाऱ्यात जोर कमी पडतो. तिशीच्या आतल्या मुलाला त्यांची गरज नाही.

लांबीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट टाचेची. पोहण्याच्या तलावात वापरायचे फिन्स बंद टाचेचे असतात, अनवाणी पाऊल आत सरकवायचे. आपल्या तलावांच्या काठावर चिखल, बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या आणि विसर्जनाच्या मूर्तींच्या सळया असे सगळे असते. तिथे अनवाणी उतरणे म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. त्यामुळे पायात जाड तळव्याचा, पाण्यात फुगणार नाही असा बूट हवा आणि त्यावरून चढेल असा उघड्या टाचेचा, मागे पट्टा असलेला फिन. दुकानात जाताना तो बूट सोबत न्यावा. न्यू मार्केटच्या दुकानात आम्ही बूट घालून एकेक जोड चढवत होतो, तेव्हा दुकानदार आणि शाळेचे पांढरे कॅनव्हास घ्यायला आलेली दोन मुले आमच्याकडे बघतच राहिली. पट्ट्याची कडी ओल्या, गारठलेल्या बोटांनी न बघता सुटते का, हेही तिथेच डोळे मिटून करून पाहिले. न सुटणारा जोड परत ठेवला, जरी तो स्वस्त होता.

फिनला एक दोरीही हवी. घोट्याला बांधलेली, वीतभर. काही फिन्स निसटले तर तरंगतात, काही सरळ तळ गाठतात. एक फिन गेला की उरलेल्या एकाने माणूस तेल्याच्या घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी गोल फिरत राहतो. दोरीला चार रुपये लागतात.

"एवढी दोरी-कडी बघताय, पण तो बुडाला तर?" ताईने रात्री पोळ्या लाटता लाटता विचारले. तिच्या विचारण्यात चेष्टा नव्हती. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे भोपाळच्या छोट्या तलावावर, खटलापुरा घाटाजवळ गणेश विसर्जनाच्या वेळी नाव उलटली आणि ११ जण बुडाले. पिपलानी भागातली मुले होती. पिपलानी अयोध्या नगरच्या शेजारीच आहे. ज्या रस्त्याने ताई भाजीला जाते त्या रस्त्याच्या पलीकडची घरे. मूर्ती पाण्यात उतरवताना भार एका बाजूला गेला. अंगात लाईफ जॅकेट नव्हते. त्या वर्षापासून ताई घरच्या गणपतीचे विसर्जन अंगणात बादलीत करते आणि त्यावर कुणाशी वाद घालत नाही.

भाचा म्हणाला, "आई, ट्यूब उलटत नाही. मी तिच्या मधोमध खाली बसलेला असतो."

त्याचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. भार पाण्याच्या पातळीला असल्याने ट्यूब सहजी उलटत नाही. पण फुटू शकते. ट्रकची मोठी ट्यूब शंभर किलोच्या वर वजन तरंगवते, मात्र तिला हवेचा एकच कप्पा असतो आणि बाभळीचा एक काटा त्याला पुरतो. विकतच्या ट्यूबांत पाठीमागे वेगळा कप्पा असतो, तो याचसाठी. साधी ट्यूब घेणाऱ्याने तो दुसरा कप्पा अंगावर घालावा, म्हणजेच लाईफ जॅकेट. तेही फेसाचे, फुगवायचे नव्हे. बसल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकून वर येते, म्हणून घेताना आरसा न बघता जमिनीवर पाय लांब करून बसून पाहावे. भाऊबिजेला ताईने ओवाळले तेव्हा मी ताटात पाकीट टाकण्याऐवजी जॅकेट ठेवले. "मला साडी नको होतीच," असे म्हणाली खरी, पण डोळे पुसत म्हणाली.

त्यानंतर तीच कामाला लागली. पंक्चरवाल्याकडून आम्ही 'हजार-बीस' मापाची जुनी पण न जोडलेली ट्यूब घेतली. नव्या गाड्या ट्यूबलेस होत चालल्याने चांगली ट्यूब निवडून घ्यावी लागते, पुढे तीही मिळणार नाही. पाण्याच्या टाकीत दाबून बुडबुडे पाहिले. हवेच्या नळीचे पितळी तोंड बरगडीला टोचते, त्यावर जुन्या मोज्याची गुंडाळी. बसायला खाटेची निवार. ताईने तिच्या शिलाई मशीनवर पोत्याच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारून त्या निवारीची झोळी केली, दोन पायांना दोन भोके आणि मागे टेकायला पट्टा. मशीनची सुई तीनदा तुटली. भाऊजींनी कारखान्यातल्या सवयीने प्रत्येक टाक्यावर वाळूची गोणी टांगून भार तपासला. परदेशी ट्यूबचे आवरण यापेक्षा देखणे असेल, यापेक्षा भक्कम असेल असे वाटत नाही.

हवा किती भरावी, यावर बापलेकांचे जुंपले. थंडीत सकाळी भरून ट्यूब उन्हात ठेवली आणि ती वीस-पंचवीस अंशांनी तापली, तर आतला दाब आठ-नऊ टक्क्यांनी वाढतो. काळे रबर त्याहून जास्त तापते. आणि दुपारी काठावर टाइट भरलेली ट्यूब गार पाण्यात गेली की मऊ पडते. म्हणून थोडी कमी भरायची, पाण्यात दहा मिनिटे पडू द्यायची, मग उरलेली हवा. हे भाऊजींचे म्हणणे आणि तेच बरोबर.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या तलावावर गेलो. भोपाळचा हा तलाव राजा भोजाचा, अकराव्या शतकातला. कोलांस नदीला मातीचा बांध घालून झालेला. त्याच बांधावर आज कमला पार्क आहे. पाण्याचा विस्तार तीस चौरस किलोमीटरच्या वर. पुढे भदभदाला दरवाजे बसले, २००२ मध्ये दोन्ही तलावांना मिळून रामसरच्या यादीत स्थान मिळाले, आणि २०२३ मध्ये हरित लवादाने इथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितल्या. शहराचा मोठा भाग हेच पाणी पितो, त्यामुळे आदेश योग्यच म्हणायचा. कोळ्याच्या ट्यूबला इंजिन नसते, हा तिचा मोठेपणा अशा वेळी लक्षात येतो.

भाच्याच्या डोक्यात होती मरळ. मरळ गढूळ, उथळ, पाणवनस्पतींच्या जागेत राहते. ती हवेतला श्वास घेते, म्हणून तिला अधूनमधून वर यावेच लागते, आणि त्या क्षणी पाण्यावर एक जाड 'डुबुक' उठतो. तिथे बेडकासारखी पिसांची गाठ पडली की ती झडप घालते. अशी जागा म्हणजे तलावाच्या कडेचे शिंगाड्याचे वाफे. दिवाळी म्हणजे शिंगाड्याचा हंगामच, हिरव्या पानांच्या तबकड्या लांबपर्यंत पसरल्या होत्या.

काठावर एक रैकवार काका शिंगाडे भरीत होते. शेजारी त्यांची ट्यूब, आमच्यासारखीच हजार-बीस. पण बांधणी वेगळी. मधल्या भोकावर सुतळीची जाळी आणि तिच्यावर प्लायवूडचा तुकडा, म्हणजे माणूस ट्यूबच्या वर मांडी घालून बसतो. वल्ही म्हणून रबरी चपलांचा एक जोड, हातात घालायचा. भाच्याच्या पिशवीतले फिन्स त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले. "बेटा, पैर नीचे क्यों लटकाते हो?" एवढेच विचारले.

मग त्यांनी शिंगाड्याचा एक वेल ओढून वर काढला. पाण्यावर दिसते ती वीतभर तबकडी. खाली हात-दोन हात लांब, केसाळ, चिवट देठ. त्या शेतात फिन घातलेला पाय म्हणजे दाव्यात अडकलेली म्हैस. शिवाय वर न दिसणारी नायलॉनची जाळी. ती पात्याला एकदा गुंडाळली की जितके पाय मारावे तितकी आवळते. आणि भदभदाच्या खाली कलियासोतच्या पाण्यात मगरी आहेत, हे तर भोपाळच्या पोरासोरांना ठाऊक आहे. काका वर मांडी घालून बसतात त्याची कारणे ही. आपल्याकडचा ढिवरही असाच बसतो, हे मी लहानपणापासून पाहिलेले. शिंगाडा आणि मासा, दोन्ही धंदे एकाच समाजाचे, भाषा फक्त सीमेवर बदलते.

अमेरिकेतल्या तळ्यांचे पाणी थंड आणि बऱ्याच जागी तळापर्यंत नितळ असते, म्हणून तिथे छातीपर्यंतची रबरी विजार, पाय खाली, फिन्स, सगळे जुळते. आपल्या कोमट पाण्यात ती विजार घामानेच भिजवील, आणि आत पाणी शिरले तर काठावर चढणे कठीण. आपल्याला जळवा लागू नयेत म्हणून नायलॉनची तंग पॅन्ट पुरते. सामान घेताना दुकानाच्या आधी पाणी बघायला हवे, ते असे. वाफ्यांमध्ये मासे धरायचे तर फिन्स घरी ठेवून काकांसारखे वर बसावे. फिन्स घालायचे तर मोकळे, खोल, जाळी नसलेले पाणी शोधावे. मासेमारीचा हक्क ज्यांचा आहे त्यांना विचारणे तर आधी आलेच. भाच्याने घाटावरच ठरवून टाकले की मोठा तलाव नको.

बैरसियाच्या रस्त्याला भाऊजींच्या एका जुन्या सहकाऱ्याचे शेत आहे. तिथले तळे दीड-दोन एकरांचे, मधे पुरुषभरापेक्षा खोल, एका कोपऱ्यात लव्हाळा. सकाळी सहाला पोहोचलो. ताई सोबत आली होती, डबा आणि पन्नास फूट दोर घेऊन.

फिन्स घालून पुढे चालता येत नाही, पाते मुडपते आणि माणूस तोंडावर पडतो. पाठमोरे पाण्यात शिरायचे. पाण्यातही प्रवास पाठमोराच असतो, पाय मारले की ट्यूब मागे सरते. दर दोन मिनिटांनी मान वळवून बघावे लागते. काका चपलांनी वल्हवत समोर बघत जातात, तेव्हा या बाबतीत त्यांची ट्यूब सरस. वेग म्हणाल तर तासाला एखाद-दीड किलोमीटर, रमतगमत चालण्याहूनही कमी. एवढ्या वेगाने वाऱ्याशी भांडण होत नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचे, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. उलटे केले तर दमलेल्या पायांनी वाऱ्याविरुद्ध यावे लागते. ताईने रुमाल हातात लटकवून वारा कुठून आहे ते सांगितले.

काठीबद्दल फार लिहीत नाही. बसलेला माणूस पाण्याच्या अगदी जवळ असतो, मागे फेकलेली दोरी पाण्याला लागते, म्हणून नऊ फुटांपेक्षा आखूड काठी घेऊ नये, दहा फुटी मिळाली तर उत्तम. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. रबर आणि कान दोन्ही जवळच असतात. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात शिटी, आणि जॅकेटला बांधलेला बोथट टोकाचा पण धारदार सुरा, जाळे कापायला. टोक बोथटच हवे, खाली ट्यूब आहे.

पहिला तास नुसता फिन्सचा. पट्टा एकदा सैल झाला, दोरीने फिन घोट्याशी धरून ठेवला, भाच्याने गुडघा वर घेऊन कडी पुन्हा लावली. ताई काठावर उभी राहून हातातला दोर मोकळा-गोळा करीत होती. नऊच्या सुमारास लव्हाळ्याच्या कडेला 'डुबुक' झाले. पहिल्या दोन फेका आखूड पडल्या. तिसरीला पाणी फाटले आणि काठी वाकली. ट्यूबमधल्या माणसाला मासा ओढतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले. सबंध ट्यूब हळूहळू त्या कोपऱ्याकडे सरकू लागली. भाच्याने उलट पाय मारून तिला लव्हाळ्यापासून लांब धरले. तिथे त्या आखूड, रुंद पात्यांनी किंमत वसूल केली.

मरळ किलोभराची होती. पावसाळ्यात पिलांच्या लाल थव्याशेजारी नर-मादी राखण करतात, तेव्हा त्यांना धरू नये. तो काळ टळून गेला होता, म्हणून ठेवली. रात्री ताईने जवसाची पूड लावून रस्सा केला. भाऊजींनी मधला तुकडा उचलला.

"पुढच्या खेपेला मी बसतो," ते म्हणाले.

"तुमचे गुडघे?" ताई.

"चिरलेल्या पात्याचे मिळतात म्हणे."

फिन्स गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवले आणि आडवे ठेवले. उभे ठेवले तर पाते वाकते आणि तसेच राहते. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून अर्धी हवा सोडली. अयोध्या नगरात उंदीर फार, त्यामुळे भाऊजींनी ती बैठकीतल्या जुन्या पंख्याच्या हुकाला टांगली आहे. येणारा पाहुणा आधी वर बघतो.